एकही पान न तोडलेला सर्वोत्तम पानतोड्या

एका मे महिन्यात मी आमच्या भागातला सर्वोत्तम तेंदूपान तोडणारा म्हणून अशा माणसाची निवड केली, ज्याने जन्मात एकही पान तोडलेलं नव्हतं.

यात लाच नव्हती, नातं नव्हतं, मोहाची दारूही नव्हती. असती तर आज सांगायला बरं पडलं असतं. माणूस कशाने तरी बिघडला होता, असं म्हणता आलं असतं. मी पूर्ण शुद्धीवर होतो, प्रामाणिक होतो आणि रजिस्टर माझ्यापुढे उघडं होतं. माझ्या बहुतेक घोडचुका मी अशाच जय्यत तयारीनिशी केलेल्या आहेत.

ऐंशी सालानंतरची, चार-दोन वर्षं इकडेतिकडे, अशी ही गोष्ट. चंद्रपूरच्या कॉलेजातून मी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालो होतो. झालो म्हणजे, परीक्षा घेणाऱ्यांनी माझा नाद सोडला होता. नागभीडला घरी बसून धानाच्या बांध्यांकडे बघत सुस्कारे टाकायचो. वडिलांना ते सुस्कारे सहन होईनात. त्यांनी ओळखीच्या एका तेंदूपत्ता ठेकेदाराला गाठलं आणि मला जंगलकडेच्या एका गावी फडमुन्शी म्हणून लावून दिलं. "याले मोजता येते," एवढीच शिफारस त्यांनी केली. तीही थोडी वाढवूनच होती.

फड म्हणजे गावाबाहेरचं साफ केलेलं मैदान. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवस जंगलातली तेंदूची पानं तोडायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी ते पुडे फडावर आणून ओळीने वाळत मांडायचे. पुढे ती पानं कुठल्या तरी दूरच्या गावी जाऊन त्यांच्या बिड्या होत. मुन्शीने पुडे मोजायचे, बरे-वाईट तपासायचे आणि ज्याच्या-त्याच्या कार्डावर आकडा लिहायचा. फडाच्या एका टोकाला जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, त्यात मातीचा माठ, एक टेबल आणि एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून मी देशाच्या उत्पन्नात भर घालत असे.

कार्ड कुटुंबप्रमुखाच्या नावाचं. एक घर, एक कार्ड, एक नाव. आणि पुडे फडावर आणायचे ते पुरुषांनीच, अशी गावाची रीत. बायका झुंजुमुंजु होण्याआधी जंगलात जात, ऊन चढलं की डोक्यावर गठुडी घेऊन परत येत, मग सावलीला बसून दिवसभर पुडे बांधत. संध्याकाळी घरचा पुरुष तोंड धुई, केसांना तेल लावी, बाहेरचा सदरा घाली आणि ते पुडे सायकलवर लादून वरातीसारखा फडावर येई. बायका फडात पाय ठेवत नसत. कडेला एक मोठं मोहाचं झाड होतं, त्याखाली त्या बसत.

"किती आणले, भाऊ?" मी विचारायचो.

भाऊ आधी मोहाच्या झाडाकडे मान वळवायचा. तिकडून दोन बोटं, तीन बोटं, काहीतरी खूण व्हायची. मग भाऊ माझ्याकडे वळून छाती काढून आकडा सांगायचा.

पानं आज बारीक का? मोहाकडे मान. कोणत्या जंगलातली? मोहाकडे मान. उद्या जाणार का? मोहाकडे मान. पहिल्या वर्षी माझा असा ग्रह झाला की या गावात नवरे बायकांवर फार प्रेम करतात. घरी पत्रातही मी तसं लिहिलं होतं.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं घडलं त्या बाईंबद्दल सांगतो. पस्तिशीच्या आसपासच्या, अंगाने काटक, बोलायला त्याहून काटक. माझ्या पहिल्याच हंगामात त्यांच्यावर अस्वलाने झडप घातली होती. तेंदूच्या झुडपामागून आलं आणि उजवा खांदा फाडून गेलं. बरोबरच्या बायकांनी आरडाओरडा करून ते हाकललं. बाईंनी लुगड्याच्या पदराने खांदा आवळला आणि तोडलेली पानं घेऊनच घरी आल्या. त्या संध्याकाळी त्यांचा नवरा नेहमीसारखा तेल लावून फडावर आला, पण पुडे कमी होते आणि बांधणी ढिली होती. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी कार्डावर आकडा लिहिला आणि वर त्याला म्हणालो, "काय भाऊ, आज हात आखडला वाटतं? आळस करून कसं चालेल?"

तो बिचारा मोहाकडे बघायला गेला. तिथे कोणी नव्हतं.

तेव्हापासून बाईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. तरी डाव्या हाताने त्या इतर कोणाहीपेक्षा जास्त पानं आणत. पण वरची फांदी वाकवायला त्रास व्हायचा, आणि दुसरं अस्वल आलं तर काठी उगारता येणार नाही, हे त्या स्वतःच सांगत. जंगलात जायची त्यांना धास्ती बसली होती. न जाण्याचीही सोय नव्हती.

त्यांचे यजमान मात्र खासा माणूस. हिवाळ्यात आमच्याकडे गावोगावी नाटकं होतात, त्यांत हे स्त्रीपार्ट करत. तेव्हा काही मंडळांना बाहेरून नट्या आणणं परवडत नसे, त्यामुळे यांना मोठी मागणी. कष्ट करकरून झिजलेली बायको हा त्यांचा हातखंडा पार्ट. जातं ओढता ओढता कोसळायचे, तेव्हा बायाबापड्या ढसाढसा रडत. उन्हाळ्यात ते आराम करत. "आवाजाले ऊन लागते," म्हणायचे. हातही त्यांनी लोण्यासारखे जपले होते. बांगड्या चढायला पाहिजेत ना.

तिसऱ्या वर्षी दुपारी मी त्यांच्या आवारात पाणी प्यायला थांबलो होतो. बाई चार-पाच शेजारणींसोबत पुडे बांधत बसल्या होत्या. माझ्या अंगात अर्थशास्त्र संचारलं. मी त्यांना काम म्हणजे काय ते समजावू लागलो. ज्याचा मोबदला मिळतो ते काम. बाकी सगळं, म्हणजे स्वयंपाक, पाणी, लेकरं, सारवण, हे प्रेमापोटी केलं जातं, त्यामुळे शास्त्रात ते धरत नाहीत.

"असं का," बाई म्हणाल्या. हात चालूच होते. "मंग पानं तोडताना लेकरू पाठीशी बांधलं असते, थे कशात धरता? पानात का प्रेमात?"

"ते... ते वेगवेगळं धरायचं."

"पाठ तं एकच हाये, मुन्शीभाऊ."

शेजारीण म्हणाली, "आन हे पुस्तक लिवनाऱ्याले भाकर कोन देत होतं?"

"प्रेमानं भेटत असन वो," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मी पाणी संपवून उठलो. अशिक्षितांना शास्त्र समजावणं कठीण, असा निष्कर्ष मी त्या दिवशी काढला.

त्याच हंगामात ठेकेदाराच्या डोक्यात कल्पना आली. एक मोठे साहेब फडांची पाहणी करायला येणार होते. त्यांची आजवरची सगळी नोकरी आलापल्लीकडे सागवानात झालेली, इकडे नवे. त्यांच्यावर छाप पाडायची, तर समारंभ हवा. समारंभ हवा, तर सत्कार हवा. सर्वांत जास्त पुडे देणाऱ्याचा साहेबांच्या हस्ते सत्कार, चौकटीतलं मानपत्र आणि पुढच्या हंगामापासून त्याला फडावर तपासनीस म्हणून जागा. मांडवात बसायचं, पुडे तपासायचे. जंगलात जायचं काम नाही.

ही दवंडी फिरली त्याच संध्याकाळी बाई मोहाखालून उठून फडाच्या कडेपर्यंत आल्या.

"मुन्शीभाऊ, खुर्ची कोनाले भेटन म्हनता?"

"ज्याचे पुडे सर्वांत जास्त त्याला."

"मंग माहीच."

"तुमचीच," मी म्हणालो, आणि मला ते मनापासून वाटत होतं.

त्या थोडा वेळ मांडवातल्या खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या उन्हाड्यात अस्वल माही वाट पाहीन बिचारं," आणि हसत परत गेल्या. मला त्यांचं हसू अजून आठवतं. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन बसलो, बेरजा केल्या, दोनदा ताळा पाहिला. सर्वांत मोठ्या आकड्यापुढे जे नाव होतं ते सुवाच्य अक्षरात कागदावर लिहिलं आणि एसटीच्या कंडक्टरबरोबर ठेकेदाराकडे पाठवलं. नाव अर्थातच यजमानांचं होतं. देवाशपथ सांगतो, लिहिताना मला खटकलंसुद्धा नाही. मला वाटलं, मी बाईंचंच नाव पाठवतोय. तीन वर्षं त्या आकड्यापुढे तेच नाव लिहून लिहून माझ्या डोक्यात ते नाव म्हणजेच बाई झाल्या होत्या.

चार दिवसांनी मानपत्र छापून आलं. चंद्रपूरच्या छापखान्यातलं, सोनेरी वेलबुट्टीचं. 'आपल्या राकट हातांनी पहाटेच्या घोर अरण्यात श्रमणारे' असे यजमान त्यात वर्णिले होते. सोबत ठेकेदाराची चिठ्ठी: साहेबांनी पानतोड्याची कला प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा व्यक्त केली आहे. सोमवारच्या समारंभात विजेत्याने पुडा बांधून दाखवावा.

मी मानपत्र घेऊन बाईंकडे गेलो. त्यांना वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचलं. यजमान ओट्यावर बसले होते. 'राकट हातांनी' आलं तसे त्यांनी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले.

बाई म्हणाल्या, "मंग खुर्ची?"

"ती... मानपत्र ज्याच्या नावाचं, त्याची."

"यायची?"

"मले नोको वो," यजमान घाबरून म्हणाले. "उन्हात बसाव लागन."

बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात राग नव्हता. कालपर्यंत शहाणी वाटणारी शेळी आपलीच दोरी खाताना दिसावी, तसं पाहिलं. मग पानांचा ढीग पुढे ओढला आणि कामाला लागल्या.

मी त्याच दिवशी सायकल हाणत ठेकेदाराकडे गेलो.

"शेठ, नाव बदला. खरी पानं बायको तोडते."

"बाईचं नाव रजिस्टरमध्ये हाय का?"

"नाही."

"मंग जी नाईच हाय, तिचा सत्कार कसा करू? कार्ड तं प्रमुखाचंच असते."

"पण विधवांची कार्डं आहेत की आपल्याकडे."

"ती नवरा मेल्यावर." ठेकेदाराने पान थुंकलं. "देख, सोमवारपर्यंत तो मेला तर माझी ना नाई."

ही अट मी जशीच्या तशी बाईंच्या घरी येऊन सांगितली. का सांगितली, ते आजही मला सांगता येत नाही. यजमान मात्र गंभीर झाले. म्हणाले, "मरनाचा पार्ट मले येते. यंदाच्याच हिवाड्यात आठ गावांत मेलो. किती टाइम मरून राहाव लागन?"

"पुढचा हंगाम संपेपर्यंत," मी म्हणालो.

"आन मंग दिवाडीनंतर नाटकाले कसा जाऊ?"

"काही मराचं नाई," बाई म्हणाल्या. "जित्तेपनी एक काम केलं नाई, मरून कोनतं करान?" मग माझ्याकडे वळून, "तुमीच शिकवा यायले पुडा बांधाले. मुन्शी तुमी हाव ना? लाखानं पुडे पास करता."

इथे माझी दुसरी अडचण उघडी पडली. लाखाने पुडे मी पास केले होते, एकही बांधला नव्हता. पण हे कबूल कसं करायचं? मी म्हणालो, "त्यात काय," आणि आम्ही दोन पुरुष त्यांच्या आवारात पुडा बांधायला बसलो.

पानाला पान लावायचं, देठ एका बाजूला, मोजणी बोटांनीच, आणि पळसाच्या मुळीच्या वाकाचा, म्हणजे तंतूच्या दोरीचा, एक फास. वर्णन करायला सोपं आहे. पहिल्या दिवशी माझा वाक तुटला. यजमानांचा वाक शाबूत राहिला, पण पानं राहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी माझा एक पुडा उभा राहिला. मोजला तर त्यात पानं एक्केचाळीस आणि माझ्या सदऱ्याची एक गुंडी. यजमानांच्या बोटांना फोड आले आणि ते हात चुलीच्या राखेत घालून बसले. गावातल्या बायका कामं टाकून बघायला येऊ लागल्या. त्यांनी आमचं नावच ठेवलं, सासू-सून. सासू मी.

"मुन्शीभाऊ, पान जित्तं असते, गळा दाबू नोका."

"अवं सुनेनं बांधला तं पुडा, सासूनं काय केलं थे पाहा."

बाई आमच्याकडे पाठ करून आपले पुडे बांधत. एकदाही वळल्या नाहीत. पण संध्याकाळी आम्ही बांधलेलं ते काहीतरी यजमानांनी त्यांच्या ढिगात ठेवायला घेतलं, तेव्हा मागे न बघताच म्हणाल्या, "थे बकरीले टाका."

सोमवार उजाडला. यजमान जिवंत होते.

फडावर पताका, भोंगा, साहेबांसाठी कुठून तरी आणलेला सोफा. वाळत घातलेल्या पुड्यांच्या ओळी सगळ्या मैदानभर, आणि मोहाखाली बायका. साहेबांनी भाषण केलं. तेंदूपत्त्यावर बोलता बोलता ते चार वाक्यांत सागवानावर गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मग मानपत्र वाचलं गेलं, यजमानांच्या गळ्यात हार पडला आणि साहेब म्हणाले, "हं, आता दाखवा बघू तुमची कला."

यजमान पानांपुढे बसले. पानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, समोर बसलेल्या शे-दोनशे माणसांकडे पाहिलं. आणि माणसं दिसताच त्यांच्यातला नट जागा झाला. खांद्यावरचं उपरणं त्यांनी हळूच डोक्यावरून ओढून घेतलं. एका क्षणात तिथे थकलेली, पहाटेपासून उपाशी बाई बसली. तिने उजवा खांदा आखडून धरला, चेहऱ्यावर कळ उमटली, आणि डाव्या हाताने पानामागून पान उचलत ती बांधू लागली. कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. पाठीवरच्या नसलेल्या लेकराला एक थोपटणं दिलं. वाकाला दाताने धरून करकचून फास ओढला.

वीस वर्षं ओट्यावर बसून त्यांनी दुसरं काही केलं नसेल, पण बघितलं मात्र होतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं. साहेब उठून पुढे आले आणि म्हणाले, "अप्रतिम! द्या पाहू तो पुडा."

यजमानांनी हात पुढे केले. हातात काही नव्हतं. पानं जिथल्या तिथे होती.

"पुडा कुठे आहे?"

"साहेब," यजमान उपरणं सावरत म्हणाले, "मी पार्ट केला. पुडा थे करते," आणि सवयीने मोहाच्या झाडाकडे मान वळवली.

सगळ्या फडाने मान वळवली. साहेबांनीही.

बाई उठल्या. त्या गावाच्या रीतीत जे बसत नव्हतं ते त्यांनी केलं. पुड्यांच्या दोन ओळींमधून, एकाही पुड्याला पाय न लावता, चालत मांडवापर्यंत आल्या. नवऱ्याशेजारी बसल्या. साहेबांच्या तोंडाकडे बघत, हातांकडे न बघता, डाव्या हाताने पुडा बांधला आणि साहेबांच्या हातात दिला. मला वाटतं, तेवढ्यात मी एकदा श्वास घेतला असेन.

साहेब भारावले. पुडा उलटासुलटा करून पाहत त्यांनी यजमानांच्या पाठीवर थाप मारली. "वा! पत्नीलाही काय तयार केलंय तुम्ही!"

मोहाखाली हशा फुटला तो थांबेचना. ठेकेदार हसावं की नाही या विचारात अर्धवट हसला. यजमान इमानदार माणूस, ते घाईघाईने म्हणाले, "नाई नाई साहेब, मी कायले शिकवू? मले मुन्शीजींनं शिकवलं."

"असं? मग मुन्शी, तुम्हीच दाखवा."

मी बसलो. सत्तर पानं मोजली, निदान तसं मला वाटलं. फास दिला. पुडा अगदी सुबक दिसत होता. मी तो दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला, आणि वाऱ्याची झुळूक आली. झुळूकच, वादळ नव्हे. पानं साहेबांच्या बुटांवर पसरली आणि माझ्या हातात वाकाची एक रिकामी अंगठी राहिली.

साहेबांनी एकेक करून बूट झटकले. मग ठेकेदाराला म्हणाले, "इथे पुडे तपासतं कोण?"

"हा," ठेकेदार म्हणाला.

"यालाच बांधता येत नाही."

"येत नाई साहेब."

"मग वाईट पुडा याला कळतो कसा?"

मी खाली बसूनच पानं गोळा करू लागलो.

साहेब गेल्यावर ठेकेदाराने मला बाजूला घेतलं. साहेबासमोर नाक कापलं, हे एकदा, दोनदा, सात-आठदा सांगून झाल्यावर म्हणाला, "पुढल्या साली जिले येते तिलेच बसव तिथं. पण कागद बिघडवू नोको. नाव नवऱ्याचंच राहू दे."

ही सोय मला फार पसंत पडली. मी धावत बाईंकडे गेलो. "झालं तुमचं काम. खुर्चीवर तुम्ही, कागदावर भाऊ."

बाई भाकरी थापत होत्या. "म्हनजे मी बसन आन हजेरी यायची लागन?"

"नावात काय, एकाच घरची गोष्ट."

"मंग मी नाई बसत. आठ रोज मी मोहाखाली उभी राहीन, यायले खुर्चीवर बसवा. पुडे तपासू द्या." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "अस्वल येवो का वाघ येवो, मी जंगलात जाईन. पर आता दुसऱ्याच्या नावानं खुर्चीत बसून एक पान तपासनार नाई."

यजमान ओट्यावरून कळवळून म्हणाले, "मुन्शीजी, ऐका न जी तिचं. मले सत्तरच्या पुढं मोजता येत नाई. सत्तरच्या आतही मंधात चुकते."

ते वर्ष संपलं. पुढच्या मे महिन्यात फड लागला त्या दिवशी बाई खरोखरच गठुडं बांधायचं फडकं घेऊन जंगलाच्या वाटेला लागलेल्या मला दिसल्या. पहाटेच्या उजेडात तो आखडलेला खांदा लांबूनही ओळखू आला. मी मांडवातून उठलो, रजिस्टर घेतलं आणि त्यांच्यामागे पळालो. वहाण तुटली. तशीच फरफटवत त्यांना गाठलं. मी तिथेच, वाटेत उकिडवा बसून, रजिस्टर गुडघ्यावर ठेवलं आणि शेवटच्या पानावर, छापलेल्या रकान्यांच्या बाहेर, हाताने एक ओळ आखली. त्यात लिहिलं: तपासनीस.

"नाव सांगा," मी म्हणालो.

चौथा हंगाम होता तो आमच्या ओळखीचा, आणि नाव मला माहीत नव्हतं. त्यांनी एकदाच सांगितलं. मी लिहिलं, वाचून दाखवलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे मी होय?" मी म्हणालो, होय. फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि परत फिरल्या. ठेकेदाराने पुढे त्या ओळीवरून पुष्कळ कटकट केली. पण त्या वर्षी त्याच्या मालात एकही खराब पुडा निघाला नाही, त्यामुळे कटकट तोंडीच राहिली.

संध्याकाळी बाई खुर्चीवर बसल्या. मी शेजारी डब्यावर बसलो. आता माझं काम नुसतं लिहिण्याचं. पुरुष तेल लावून पुडे घेऊन आले, सवयीने मोहाकडे बघायला गेले, आणि मग माना वळवून मांडवाकडे बघू लागले. बाई पुडा हातात घ्यायच्या, अंगठा फिरवायच्या, "दोन पानं कमी," म्हणून परत करायच्या.

गर्दी ओसरल्यावर मी पिशवीतून एक पुडा काढला. गेलं वर्षभर नागभीडला घरी बसून मी पळसाच्या, वडाच्या, मिळतील त्या पानांवर सराव केला होता. आईला वाटलं होतं, मुलगा पत्रावळीचा धंदा काढतोय. हा पुडा मी त्याच दिवशी ताज्या पानांचा बांधला होता. गाठ पक्की होती. मी तो मोठ्या अभिमानाने त्यांच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी उचलला. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग खाली, बकरीसाठी ठेवलेल्या ढिगात टाकला.

"बाई," मी म्हणालो, "थोडं तरी माणूस म्हणून बघा. नाव लिहिलं, खुर्ची दिली, पुडासुद्धा शिकलो. आता तरी त्या अस्वलापेक्षा बरा म्हणाल की नाही?"

बाईंनी पुढचा पुडा हातात घेतला.

"अस्वल बरं होतं, मुन्शीभाऊ. पानं कोन तोडून राह्यलं, थे त्याले पह्यल्याच दिवशी दिसलं."